खुर्दा

पानिपतच्या पराभवाची बातमी दक्षिणेकडे आली ती एका सावकारी पत्रातून. १७६१ च्या जानेवारीत हे पत्र वाटेतच नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडले. मजकूर सांकेतिक होता. दोन मोत्ये गेली, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याचा हिशेब लागत नाही, असा त्याचा आशय. मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. आमचे मास्तर हा भाग शिकवताना मोत्यांपाशी थांबत, त्यांचा आवाज ओला होई. एका मुलाने खुर्दा म्हणजे काय असे विचारले तेव्हा 'मोड, चिल्लर' एवढे सांगून ते पुढच्या धड्याकडे वळले. त्यात त्यांचा दोष नाही. सावकारानेही तेच केले होते.

त्या वर्गात बसलेल्या आम्हां पोरांचे पूर्वज पानिपतात गेले असलेच, तर खुर्द्यातच गेले असणार. पण हे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. मोत्यांसाठी रडण्याची सवय फार लहानपणी लागते. मला ते सुचले ते पुढे बऱ्याच वर्षांनी, आणि तेही विचार करून नव्हे, तर एका म्हाताऱ्या बाईला दुखवून.

आमच्या घरात थोरली आजी होती. माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. गाव सातारा जिल्ह्यातले, पलटणीत माणसे पाठवणाऱ्या अनेक गावांपैकी एक. (त्याच जिल्ह्यातले अपशिंगे तर नावाला 'मिलिटरी' हे उपपद लावूनच ओळखले जाते.) आमच्या चावडीच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली होती. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिच्यावर मजकूर. असल्या पाट्या महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांवर आकडे असतात, नावे नसतात. दुसऱ्या आकड्यात आमचे थोरले आजोबा होते.

ते गेले मेसोपोटेमियात. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर तिकडे गेलेल्या तीन मराठा पलटणी, १०३, ११० आणि ११७, कुत अल अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. त्यांपैकी एकीत ते होते. वेढा पडला ७ डिसेंबर १९१५ ला आणि जनरल टाउनशेंड शरण गेला २९ एप्रिल १९१६ ला. जवळजवळ पाच महिने. बाहेरून सुटकेसाठी आलेल्या फौजा वाटेतच अडल्या. शेवटीशेवटी इंग्रज सरकारने वीस लाख पौंडांपर्यंत रक्कम देऊन हे सैन्य सोडवून घेण्याची खटपट केली. त्या बोलणीला गेलेल्यांत पुढे गाजलेला लॉरेन्सही होता. तुर्कांनी पैसा नाकारला. एखाद्या खुर्द्याची किंमत इतक्या उघडपणे ठरवली जाण्याचा तो विरळाच प्रसंग असावा. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि वाळवंटातून चालत उत्तरेकडे हाकली गेली. पुष्कळ जण वाटेत पडले. पुष्कळ जण पुढे रास अल ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर खपले.

या वेढ्यातली एक गोष्ट मला कधी विसरता येत नाही. दाणागोटा संपत आला तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. हिंदी शिपाई ते खाईनात. हिंदुस्थानातून धर्मपंडितांच्या आणि मौलवींच्या परवानग्या तारेने मागवल्या. तरी पुष्कळांनी जवळजवळ अखेरपर्यंत खाल्ले नाही. स्कर्व्हीने हिरड्या सडल्या, माणसे उभ्याउभ्या कोसळू लागली. कारण विचारता ते सांगत, गावी गेल्यावर आम्हांला वाळीत टाकतील, आमच्या मुलांना कोणी मुली देणार नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी याला खुळा धर्मभोळेपणा म्हटले. मला ते तसे वाटत नाही. शत्रू समोर, पोटात भूक, पण ज्या न्यायालयापुढे आपल्याला उभे राहायचे आहे ते टायग्रिसच्या काठी नसून कृष्णेच्या काठी आहे, अशी त्या माणसांची खात्री होती. ते बादशहाचे शिपाई होते, पण माणसे गावाची होती. आणि ज्या गावासाठी ते उपाशी राहिले, त्या गावाने त्यांच्या मागे काय केले ते आता सांगतो.

थोरली आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. नवऱ्याबरोबर तिचा संसार एका पावसाळ्याएवढा. कुत पडल्यावर नवरा कैदेत आहे एवढे कळले, मग काहीच कळेना. ती कुंकू लावत होती, वडाला दोरा गुंडाळत होती, सवाष्ण म्हणून लोकांकडे जेवायला जात होती. या काळात भावकीत एक लग्न झाले. नवरीची ओटी भरणाऱ्या सवाष्णींत तीही होती. १९१९ च्या उन्हाळ्यात सरकारी कागद आला: १९१६ च्या पावसाळ्याच्या सुमारास, युद्धकैदी असताना, आजाराने मृत्यू. म्हणजे अडीच-तीन वर्षे तिच्या कपाळावर जे कुंकू होते ते मेलेल्या माणसाच्या नावाचे होते. गावाने मागे जाऊन हिशेब मांडला. जिची ओटी तिने भरली होती ती मुलगी १९१८ च्या इन्फ्लुएन्झात विधवा झाली होती. झाले, कारण सापडले. तो ताप लढाईवरून परतणाऱ्या जहाजांबरोबर मुंबईच्या बंदरात उतरला आणि तेथून देशभर पसरला, हे गावाला कोण सांगणार? ज्या युद्धाने एकीचा नवरा नेला, त्याच युद्धाने दुसरीचाही नेला, आणि दुसरीच्या मृत नवऱ्याचा दोष पहिलीच्या कपाळाला चिकटला.

येथे मला पुन्हा पानिपत आठवते. सदाशिवरावभाऊ पडले, पण ते पडलेले त्यांच्या पत्नीने, पार्वतीबाईंनी, मानले नाही. १७७६ साली भाऊचा तोतया म्हणून एकाला ठार मारावे लागले इतका तो प्रश्न राज्यात जिवंत होता. १७८३ साली वारल्या तोपर्यंत पार्वतीबाई सौभाग्यवतीच्या चिन्हांनिशी वावरल्या, आणि पुण्याने ते चालवून घेतले. मोत्याच्या बायकोला बावीस वर्षांची आशा परवडते. खुर्द्याच्या बायकोला अडीच वर्षांची आशासुद्धा पाप म्हणून मागाहून वसूल केली जाते.

पुढे श्राद्धाचा प्रश्न आला. प्रेत नव्हते म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन केले, ते ठीक झाले. पण तिथी कोणती धरावी? शस्त्राने गेलेल्यांसाठी भाद्रपदातली घातचतुर्दशी असते. माझे पणजोबा म्हणाले, पोरगा लढाईवर गेला, त्याचे चतुर्दशीलाच करायचे. जोशीबुवांनी कागद वाचून घेतला आणि म्हणाले, कागदात आजार लिहिला आहे. ताप आणि उपासमार ही शस्त्रे नव्हेत. तिथी अज्ञात, तेव्हा सर्वपित्री अमावास्या. वाद दोन दिवस चालला असे आजोबा सांगत. एका अडाणी शेतकऱ्याने आणि एका गावच्या जोशाने त्या दोन दिवसांत जो प्रश्न घोळवला, तो मोठमोठ्या सरकारांनी अजून धड सोडवलेला नाही: युद्धात मेला म्हणजे कशाने मेला? जोशीबुवा जिंकले. श्राद्ध अमावास्येला होई. पण आदल्या दिवशी पणजी देव्हाऱ्यापुढे एक पान वाढून ठेवी आणि ते कोणासाठी हे कोणी विचारत नसे.

त्यानंतर सरकारकडून एक पुडके आले. आत वीतभरापेक्षा लहान अशी कांस्याची जड चकती होती. ही चकती महायुद्धात मेलेल्या साम्राज्याच्या तेरा लाखांहून अधिक माणसांच्या घरी गेली. इंग्लंडातले गरीब लोक तिला 'मेलेल्याचा पैसा' म्हणत, कारण ती तिथल्या पेनीसारखी दिसे. चकतीवर हातात त्रिशूळ घेतलेली एक स्त्री उभी आहे आणि तिच्या पायाशी सिंह आहे. आता त्रिशूळ आणि सिंह दिसल्यावर आमच्या घरात दुसरा अर्थ होणेच शक्य नव्हते. भवानी आली. आमच्याकडे पूर्वजांचे टाक देव्हाऱ्यात असतातच, त्यांच्या शेजारी ही चकती बसली. नाशिककडे धुळवडीला घरोघरच्या वीरांचे टाक नाचवत गोदेवर नेतात; तेव्हा वीराचे देवात रूपांतर होणे हे आपल्या लोकांना नवे नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षे थोरली आजी रोज त्या बाईच्या कपाळाला हळदकुंकू लावत होती.

१९६५ च्या सप्टेंबरात शेजारच्या गावचा एक तरुण शिपाई लढाईत पडला. तार आली. शाळेच्या पटांगणात सभा भरली. मी कॉलेजातून सुटीला आलो होतो, मीही बोललो. भाषण चांगले झाले असे लोक म्हणाले. रात्री जेवताना थोरल्या आजीने विचारले, "त्या पोराची सभा झाली. आपल्यातल्यांची कवाच का न्हाई रं झाली?"

मी एकोणीस वर्षांचा होतो. उत्तर माझ्याजवळ तयार होते. मी म्हटले, "आजी, हा देशासाठी गेला. ते इंग्रजांसाठी गेले. ती लढाई आपली नव्हती."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग आता त्यो पैसा बंद व्हईल का?"

पैसा म्हणजे पेन्शन. काही थोडे रुपये येत. त्यासाठी वर्षातून एकदा तालुक्याला जाऊन आपण जिवंत आहोत असा दाखला तिला द्यावा लागे. नवरा कसा मेला याचा पुरावा तिला कोणी दिला नव्हता. ती जगते आहे याचा पुरावा मात्र सरकारने दरवर्षी मागितला. तिला माझ्या बोलण्यात एवढेच ऐकू आले, की कोणीतरी मोठ्या माणसाने ठरवले आहे की तो मृत्यू धरायचा नाही.

मी थांबायला हवे होते. पण शिकलेल्या पोराला अडाण्याचे अज्ञान दिसले की त्याला आवरत नाही. मी उठून देव्हाऱ्यातली चकती आणली आणि सांगितले, ही भवानी नव्हे. ही ब्रिटानिया. म्हणजे इंग्लंडच. कडेने इंग्रजी अक्षरे होती त्यांचा अर्थ सांगितला: हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. आणि मी हसलो. कोणाच्या स्वातंत्र्यासाठी? १९१९ साली या चकत्या ओतल्या जात होत्या तेव्हाच जालियनवाला बाग झाली होती.

तिने चकती हातात घेतली. सिंहाच्या वरच्या बाजूला एक लहान चौकट आहे, तिच्यावर बोट ठेवून म्हणाली, "आन् ह्ये काय लिवलंय?"

"नाव आहे."

"कुनाचं?"

"त्यांचंच."

पंचेचाळीस वर्षे ती वस्तू घरात होती, आणि तिच्यावर नवऱ्याचे नाव आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. नवऱ्याचे नाव तिने स्वतः घेतले असेल ते लग्नात, उखाण्यात. ती म्हणाली, "वाच." मी वाचले. "परत वाच." पुन्हा वाचले. मग तिसऱ्यांदा. पदराने चकती पुसून तिने ती जागेवर ठेवून दिली आणि भांडी आवरायला लागली.

आता मी ऐंशीच्या घरात आहे, आणि त्या रात्रीच्या माझ्या वाक्याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. कारण ते खोटे नव्हते. ती लढाई आपली नव्हती, असे मला आजही वाटते. बसऱ्याच्या बाजूचे तेल आणि साम्राज्याची वाट राखण्यासाठी साताऱ्याच्या शेतकऱ्याने मरावे याचे समर्थन मला करता येणार नाही. अर्थात तेव्हाच्या लोकांना ते इतके स्वच्छ दिसत नव्हते, हेही खरे. १९१८ साली खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडले. टिळकही स्वराज्याच्या अटीवर भरतीला अनुकूल होते. थोरांना जे उमगले नव्हते ते एका अक्षरशत्रू शिपायाला उमगायला हवे होते असे म्हणणे म्हणजे खुर्द्याकडून मोहरांचा भाव मागणे होय.

लोक म्हणतात, तो पोटासाठी गेला. गेलाच. आमची जमीन गहाण होती. पण त्याच सरकारच्या कचेरीत पोटासाठी कारकुनी करणाऱ्याला आपण कधी विचारले नाही, की तू हे कोणाच्या स्वातंत्र्यासाठी करतोस? तो पेन्शन घेऊन, पुराणिकाचे कीर्तन ऐकत म्हातारपणी वारला. पोटासाठी टाक चालवणे नीतीत बसते आणि पोटासाठी बंदूक उचलणे भाडोत्रीपणा ठरतो, यात मरणाची जोखीम घेणाऱ्यालाच दंड होतो. बरे, थोरल्या आजोबांच्या पगारातून आणि मागाहून आलेल्या पैशातून आमचे गहाण सुटले. त्या रानाच्या उत्पन्नावर माझे वडील शिकले, मी शिकलो. त्यांचा मृत्यू फुकट गेला हे सांगण्याइतके इंग्रजी मला ज्या पैशातून आले, त्यात तो मृत्यूच जमा होता. हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि थोरली आजी गेलेली होती.

म्हणून मी उलट टोकाला जाऊन त्यांना हुतात्मा म्हणावे काय? तेही जमत नाही. चावडीवरच्या पाटीत 'प्राण दिले' असे आहे. दिले? देण्यासाठी वस्तू आपली असावी लागते, आणि कोणाला देतो आहोत हे कळावे लागते. तापाने फणफणलेला माणूस वाळवंटात रांगेतून मागे पडतो, तेव्हा तो काही देत नसतो. त्याच्याकडून घेतले जात असते. 'बलिदान' हा शब्द आपण फार आदराने वापरतो. पण बळी देताना देणारा एक असतो आणि जाणारा दुसरा, हे त्या शब्दातच उघड लिहिलेले आहे. बखरींची भाषा मला यापेक्षा प्रामाणिक वाटते. तिथे माणसे 'कामास येतात', 'खर्ची पडतात'. कोणाच्या कामास, कोणाच्या खर्चात, ते बखरकार सांगत नाही, पण निदान तो खर्चाला दान म्हणत नाही.

माझी चूक मला जर कुठे सापडत असेल तर ती अशी. युद्ध न्यायाचे होते की अन्यायाचे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण तो युद्ध पुकारणाऱ्याला विचारायचा. मी तो मेलेल्याला विचारला, आणि तो हजर नव्हता म्हणून त्याच्या बायकोला. सभांमधून बोलणारे (त्या दिवशी त्यांत मीही होतो) हेच उलट बाजूने करतात. शिपाई शूर होता, म्हणून युद्धाबद्दल आता काही विचारू नका, असे ते सुचवतात. दोन्हीकडे मेलेल्या माणसालाच साक्षीला उभे केले जाते. तो बोलू शकत नाही, ही दोघांचीही सोय.

महाभारताच्या स्त्रीपर्वात एक जागा आहे. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र विचारतो, किती मेले? युधिष्ठिर सांगतो, एकशेसहासष्ट कोटी वीस हजार. आणि ज्यांचा पत्ता नाही असे चोवीस हजार एकशे पासष्ट. कोटींचा आकडा कवीचा आहे हे कळतेच. पण त्या शेवटच्या पासष्टांनी माझे मन नेहमी थबकते. कोट्यवधींच्या संहारात बेपत्त्यांची नोंद वेगळी ठेवावी, आणि तीही एककापर्यंत, हे कोणाला सुचले असेल? लगेच पुढे युधिष्ठिर विदुराला, संजयाला आणि धौम्याला सांगतो, की ज्यांचे कोणी नाही त्यांनाही अग्नी द्या. देशोदेशींच्या अनोळखी प्रेतांचे ढीग करून विदुर त्यांना अग्नी देतो. ते कोणत्या बाजूने लढले, धर्माच्या की अधर्माच्या, हे तिथे कोणी विचारत नाही. तो विचार आधी अठरा दिवस होऊन गेलेला आहे.

या दृष्टीने इंग्रजांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९१७ साली त्यांनी युद्धसमाधींसाठी एक आयोग नेमला आणि तत्त्व ठरवले, की हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्व मृतांचा सारखा मान राखायचा. त्या कांस्याच्या चकतीवरही याच कारणाने हुद्दा घातलेला नाही; शिपाई आणि जनरल सारखे. फार चांगले तत्त्व. पण मेसोपोटेमियात ज्यांना थडगे मिळाले नाही अशा चाळीस हजारांवर माणसांचे स्मारक १९२९ साली बसऱ्याला उभे राहिले तेव्हा त्याच्या फलकांवर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली, आणि हिंदी शिपायांच्या जागी पलटणीपलटणीचे आकडे घातले: अमुक सुभेदार, अमुक जमादार, आणि इतर इतके. सावकाराच्या पत्रासारखेच. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते अख्खे स्मारक उचलून बसऱ्यापासून काही कोस दूर, नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेऊन ठेवले. २०२१ साली त्या आयोगाच्या वारसांनी एक अहवाल काढून कबूल केले, की आशिया-आफ्रिकेतल्या पंचेचाळीस ते चौपन्न हजार मृतांची आठवण असमान रीतीने ठेवली गेली, आणि आणखी लाखाहून अधिक, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावे कोठेच लागली नाहीत किंवा आठवणच ठेवली गेली नाही. त्यांनी माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, हिशेब लागत नाही हे वाक्य कोणीतरी लाजेने उच्चारले.

कुतमध्ये कैद झालेल्यांत कल्याणकुमार मुखर्जी नावाचे एक बंगाली डॉक्टर होते. तेही १९१७ साली रास अल ऐनला वारले. त्यांच्या आजीने, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, त्यांची पत्रे जमवून 'कल्याण-प्रदीप' हे चरित्र लिहिले. ते १९२८ साली निघाले. त्या पत्रांत युद्धाविषयी आणि राष्ट्राभिमानाविषयी त्यांनी कडक लिहिले आहे. हे पुस्तक आहे म्हणून आज त्या छावणीतल्या एका हिंदी माणसाच्या मनात काय चालले होते ते आपल्याला कळते. दोन्हीकडे घरात मागे राहिलेली एक बाईच होती. एकीला लिहिता येत होते. दुसरीला नाव वाचून दाखवावे लागले, आणि तेही तिचा पाणउतारा करण्याच्या भरात.

हे मला चमत्कारिक वाटते, की त्या रात्री मी फुशारकीने खरे बोललो नसतो तर तिला ते नाव कधीच सापडले नसते. याचे श्रेय मी घेऊ शकत नाही. पण नुसता पश्चात्तापही करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम देव्हाऱ्याकडे पाहिले. चकती तिथेच होती. ब्रिटानियाचे कपाळ कोरडे होते. कुंकवाचे बोट सिंहाच्या वरच्या चौकटीवर उमटले होते. त्यानंतर ती होती तोवर, म्हणजे आणखी नऊ वर्षे, तिने दुसरीकडे कुंकू लावले नाही.

आता चकती माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याच्या मुलाने युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी संगणकावर शोधायला घेतल्या. बसऱ्याच्या फलकांवर आकडे असले तरी नोंदवहीत नावे होती, ती आता पाहता येतात. त्याने मला विचारले, पलटणीचा नंबर काय? मी म्हटले, चकतीवर हुद्दा नाही आणि नंबरही नाही, फक्त नाव आहे. नाव असे, की आमच्या भागात हाक मारली तर दहा जण ओ देतील. तिने ते आयुष्यात उच्चारले नाही, मीही ते इथे लिहीत नाही. त्याला त्या नावाचे चार जण सापडले, चारही मराठा पलटणींतले. दोघांच्या नोंदीत बापाचे आणि गावाचे नाव आहे. ते आमचे नव्हेत. उरलेल्या दोघांच्या नोंदीत काहीच नाही.

इंग्रज कारकुनाने स्पेलिंग कसे केले आहे ते पाहिले तर दोघांतला कोणता ते ठरेल, असे पोराचे म्हणणे. म्हणून त्याला चकतीवरची अक्षरे नीट पाहायची होती. पण चौकटीत नऊ वर्षांचे कुंकू आणि तेल बसून दगडासारखे झाले आहे. एक अक्षर धड लागत नाही. चिंचेने घासले तर पाच मिनिटांत निघेल, असे तो म्हणतो. तो वाटीत चिंच भिजवूनही आला होता. मी त्याला म्हटले, दिवाळी होऊन जाऊ दे.